हायब्रिड की साधी पेट्रोल: सिंहगड रोडवरच्या एका घराचा हिशोब

प्रकरण २०२२च्या दिवाळीचं आहे. घर पुण्यात सिंहगड रोडला. माझी ताई, दाजी, कॉलेजात जाणारा भाचा आणि ताईच्या सासूबाई. दाजींची जुनी पेट्रोल हॅचबॅक नऊ वर्षांची झाली होती आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याने क्लचशी वैर धरलं होतं. गाडी बदलायची हे ठरलेलं, ऑटोमॅटिकच घ्यायची हेही ठरलेलं. बजेट ऑन-रोड सोळा लाख, फार तर थोडं वर.

वापर असा. दाजींचं ऑफिस हिंजवडीत, जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर, तेव्हा आठवड्यातून तीन दिवस. ताई बँकेत आहे. तिची शाखा तीन किलोमीटरवर आणि ती स्कूटरने जाते, पाऊस जोरात असेल तरच गाडी काढते. महिन्यातून एकदा सगळे कराडजवळच्या गावी जातात, जाऊन-येऊन ३२० किलोमीटर. वर्षाचा आकडा आम्ही असा बांधला: शहरात ९ हजार किलोमीटर, हायवेवर ४ हजार, एकूण १३ हजार.

त्याच सप्टेंबरात मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर बाजारात आल्या होत्या. दोन्ही कंपन्यांच्या भागीदारीतून निघालेल्या, दोन्ही कर्नाटकात बिदडीच्या टोयोटा कारखान्यात बनणाऱ्या. चेहरे वेगळे, आतला सांगाडा आणि इंजिनं तीच. तोपर्यंत आपल्याकडे स्ट्राँग हायब्रिड म्हणजे कॅमरीसारख्या महागड्या गाड्यांचं प्रकरण होतं. त्याच वर्षी मे महिन्यात होंडा सिटीची हायब्रिड आली, पण किंमत साडेएकोणीस लाख. मध्यमवर्गीय घराने हायब्रिडचा खरोखर विचार करावा अशी वेळ या दोन गाड्यांमुळे पहिल्यांदा आली.

दाजींच्या हातात पत्रक आणि त्यावर मोठ्या अक्षरात २७.९७. "पाव्हणं, अठ्ठावीसचं मायलेज देतीय. आता विचार कसला करायचा?" ताईचं म्हणणं वेगळं होतं. रोज कर्जाच्या फायली बघणाऱ्या बाईला मायलेजशी देणंघेणं नसतं. तिचा प्रश्न एकच: जादा हप्ता पेट्रोलमधून निघतो का? आकडेमोड माझ्याकडे आली.

आधी 'हायब्रिड' कशाला म्हणायचं

पहिल्याच शोरूममध्ये घोटाळा झाला. विक्रेत्याने दाखवलेल्या गाडीच्या पाठीवर 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं. दाजी म्हणाले, "हीच ना ती?" तो मुलगा म्हणाला, "ही पण हायब्रिडच आहे सर." तांत्रिकदृष्ट्या तो खोटं बोलत नव्हता. पण ती माइल्ड हायब्रिड होती, म्हणजे व्यवहारात पेट्रोलचीच गाडी. तिच्यात स्टार्टर आणि जनरेटर एकत्र करून बसवलेलं एक छोटं यंत्र असतं. सिग्नलला इंजिन बंद-चालू करणं आणि वेग घेताना थोडा हातभार लावणं, एवढंच त्याचं काम. नुसत्या विजेवर ती गाडी हलत नाही.

स्ट्राँग हायब्रिड ही वेगळी जात. तिच्यात ९२ पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप) तीन सिलिंडरी दीड लिटरचं पेट्रोल इंजिन आणि ८० पीएसची विजेची मोटर असते, दोन्हींची मिळून ताकद ११६ पीएस. टोयोटाने १९९७ साली प्रियसमध्ये आणलेल्या रचनेचंच हे पुढचं रूप: मधोमध एक ग्रहीय गिअर (मधल्या दातेरी चाकाभोवती छोटी चाकं फिरतात असा), त्याला एका बाजूने इंजिन आणि दुसरीकडून दोन मोटर-जनरेटर जोडलेले. इंजिनाची ताकद चाकांकडे किती आणि जनरेटरकडे किती हे कॉम्प्युटर क्षणोक्षणी ठरवतो. इंजिन ॲटकिन्सन सायकलवर चालतं. ते कमी पेट्रोलमध्ये जास्त काम काढतं, पण कमी फेऱ्यांवर दम कमी पडतो. नेमका तिथे मोटर खांदा देते. ब्रेक लावला की मोटरच जनरेटर होऊन वीज बनवते आणि ती ०.७६ युनिटच्या लिथियम-आयन बॅटरीत साठते. बाहेरून चार्जिंग नाही, प्लग नाही.

०.७६ युनिट हा आकडा लहान आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. विजेवर ही गाडी एका दमात किलोमीटर-दोन किलोमीटर जाते, त्याहून फार नाही. पण वारंवार जाते. हिंजवडीच्या वाटेवर वाकडच्या पुलाखाली, भूमकर चौकात, जिथे गाडी मिनिटाला चार हात सरकते तिथे इंजिन बहुतेक वेळ गप्प असतं आणि एसी चालूच राहतो, कारण त्याचा कॉम्प्रेसर विजेवर आहे. साध्या पेट्रोल गाडीत नेमक्या याच ठिकाणी इंजिन जागच्या जागी पेट्रोल पीत असतं.

पत्रकावरचं मायलेज दोन्हीकडून फसवतं

पत्रकावर स्ट्राँग हायब्रिडला लिटरला २७.९७ किलोमीटर, माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकला, म्हणजे पुढे जिला साधी म्हटलंय तिला, २०.५८. हे आकडे ठरावीक चाचणीतले. गाडी रोलरवर, एसी बंद, सरासरी वेग ताशी तिशीच्या आसपास, कमाल ९०. ज्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या नावाने हे आकडे ओळखले जातात ती पुण्यातच, वेताळ टेकडीवर. टेकडीवरचा आकडा पायथ्याच्या पौड रोडला टिकत नाही, हे पुण्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत आहे.

म्हणून लोक काय करतात? सगळ्याच गाड्यांचं मायलेज सरसकट पंचवीस-तीस टक्के कमी धरतात आणि मग तुलना करतात. मीही सुरुवात तिथूनच करणार होतो. पण आधी पत्रकाचेच आकडे जसेच्या तसे घालून पाहिले. १३ हजार किलोमीटरला साध्या ऑटोमॅटिकला ६३२ लिटर, हायब्रिडला ४६५. फरक १६७ लिटर. पुण्यात तेव्हा पेट्रोल १०६ रुपयांच्या आसपास होतं; म्हणजे वर्षाची बचत सुमारे १७,७०० रुपये. दाजींचा चेहरा पडला. अठ्ठावीसच्या मायलेजमधून महिन्याला दीड हजारही सुटत नाहीत?

मग रस्त्यावरचे आकडे घेतले. ओळखीच्यांकडून फुल टँक ते फुल टँक पद्धतीने मोजलेले, आणि हायब्रिडसाठी नव्या गाडीच्या सुरुवातीच्या परीक्षणांतले, तेही हात आखडून. साधी ऑटोमॅटिक शहरात १२, हायवेवर १७. हायब्रिड शहरात २१, हायवेवर २०. दोन्ही गाड्या पत्रकापेक्षा खूपच कमी. पण फरक बघा. शहरातल्या ९ हजार किलोमीटरला साध्या गाडीला ७५० लिटर, हायब्रिडला ४२९. हायवेच्या ४ हजारांना २३५ आणि २००. एकूण ९८५ विरुद्ध ६२९, म्हणजे ३५६ लिटरची बचत, सुमारे ३७,७०० रुपये. पत्रकाच्या हिशोबाच्या दुपटीहून जास्त.

म्हणजे पत्रक मायलेज फुगवून सांगतं, पण दोन गाड्यांमधला फरक मात्र कमी दाखवतं. कारण उघड आहे. चाचणीतल्या 'शहरात' हिंजवडी नाही. कोंडी जितकी वाढते तितकी साधी गाडी झपाट्याने घसरते, हायब्रिड थोडी घसरते. सरसकट पंचवीस टक्के कापणाऱ्याच्या हिशोबात ही गोष्ट येतच नाही.

दुसरी गोष्ट लिटरची. आपण मायलेज किलोमीटरमध्ये बोलतो, पण खिशातून लिटर जातात. १७ वरून २० वर गेलं की तीन किलोमीटर वाढले, १२ वरून २१ वर गेलं की नऊ. वाटतं, तिप्पट फायदा. प्रत्यक्षात हायवेवर शंभर किलोमीटरला जेमतेम ०.९ लिटर वाचतं आणि शहरात ३.६ लिटर, म्हणजे चौपट. दाजींच्या वर्षभराच्या बचतीतले ३२१ लिटर शहरातले आणि कराडच्या सगळ्या फेऱ्या मिळून ३५ लिटर. हे पाहिल्यावर दाजींनीच निष्कर्ष काढला: "म्हंजे गावाकडं जाण्यासाठी ही गाडी घ्यायचीच नाही." बरोबर. ही गाडी हिंजवडीसाठी घ्यायची होती.

घाटाचा मुद्दाही निघाला, कारण भाच्याने कुठेतरी पाहिलं होतं की हायब्रिड उतारावर बॅटरी भरून घेते. भरते, पण बॅटरी केवढी? खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना उंची सुमारे ५०० मीटरने कमी होते. माणसं आणि सामानासकट सोळाशे किलोच्या गाडीची एवढी उंची म्हणजे दोन युनिटांहून थोडी जास्त ऊर्जा. त्यातली काही टायर आणि वाऱ्यात जाते. उरलेली साठवायला ०.७६ युनिटची बॅटरी, तीही पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली कधी ठेवत नाहीत. उतार अर्धा होण्याआधीच ती भरते आणि पुढे इंजिन ब्रेकवरच यावं लागतं. कराडच्या वाटेवरच्या खंबाटकी घाटातही फायदा आहे, पण भाच्याला वाटला तेवढा नाही.

किमतीची शिडी

आता खर्चाची बाजू. इथे सगळा खेळ एका प्रश्नाचा होता: हायब्रिडची तुलना नेमकी कोणाशी?

ग्रँड विटाराच्या प्रकारांच्या, खालून वर, सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमती अशा होत्या: डेल्टा ऑटोमॅटिक १३.४० लाख, झेटा ऑटोमॅटिक १५.३९ लाख आणि सगळ्यात स्वस्त स्ट्राँग हायब्रिड, झेटा प्लस, १७.९९ लाख. शोरूमने झेटा आणि झेटा प्लस शेजारी ठेवले: फरक २.६० लाख. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, आणि थोडा जादा विमा. तीन लाख. वर्षाला ३७,७०० वाचले तर आठ वर्षांत वसूल. दाजी गाडी नऊ-दहा वर्षं वापरणारे. जमण्यासारखं वाटलं.

ताईने एकच प्रश्न विचारला. "अहो, आपण झेटा घेणार होतो का?"

नव्हतो. सोळा लाखांच्या बजेटमध्ये बसणारी गाडी डेल्टा होती. हायब्रिड घेतली नसती तर घरात डेल्टा आली असती, झेटा नाही. मग खरा फरक ४.५९ लाख, टॅक्स आणि विमा धरून सव्वापाच लाखांच्या पुढे. वसुलीला चौदा वर्षं. मधल्या दोन लाखांत मोठा स्क्रीन आणि इतर सोयी मिळत होत्या, नाही असं नाही. पण त्या कोणी मागितल्या नव्हत्या.

मला वाटतं, हायब्रिडच्या बहुतेक तुलना इथेच चुकतात. कंपनी हायब्रिड वरच्या पायरीवर ठेवते, विक्रेता तिच्या खालच्या पायरीवरची पेट्रोल गाडी दाखवतो आणि ग्राहक स्वतः कुठल्या पायरीवर उभा होता हे विसरतो.

तोवर हायरायडरकडे आम्ही नीट पाहिलंच नव्हतं. घरात मारुतीचीच सवय, आणि गावाजवळ मारुतीचं वर्कशॉप आहे ही दाजींच्या वडिलांची, म्हणजे आबांची भक्कम बाजू. पण टोयोटाने त्याच यंत्रणेची शिडी वेगळी लावली होती. एस प्रकारात ऑटोमॅटिक पेट्रोल १३.४८ लाख आणि त्याच एस प्रकारात स्ट्राँग हायब्रिड १५.११ लाख. सोयींच्या दृष्टीने एस डेल्टाच्या आसपासची. फरक फक्त १.६३ लाख! टॅक्स, विमा धरून १.९० लाख. वसुली पाच वर्षांत.

तीच बिदडीची गाडी, तेच इंजिन, तीच बॅटरी, आणि वसुली चौदाऐवजी पाच वर्षांत. 'हायब्रिड परवडते का' या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. कोणत्या पायरीवरची, एवढंच विचारायचं होतं.

ताईने मग तिच्या पद्धतीने तपासलं. १.९० लाख जादा कर्ज, पाच वर्षं, नऊ टक्के. जादा हप्ता ३,९४४ रुपये. पेट्रोलची महिन्याची बचत ३,१४० च्या आसपास. म्हणजे हप्ता पेट्रोलमधून पूर्ण निघत नाही, महिन्याला आठशे रुपये खिशातून. पण ऑफिस पाच दिवसांचं झालं तर? शहरातलं वर्षाचं अंतर १४ हजारांवर जातं, बचत ५६,७०० च्या आसपास, महिन्याला चार हजार सातशे. हप्ता निघून वर सात-आठशे शिल्लक. सगळा निर्णय आता दाजींच्या कंपनीच्या एचआर विभागावर येऊन टेकला होता, आणि तिथल्या मेलची भाषा त्या दिवसांत दर महिन्याला थोडी थोडी कडक होत चालली होती.

पुनर्विक्रीची जादा किंमत आम्ही शून्य धरली. जुन्या हायब्रिडचा बाजार आपल्याकडे तयारच झालेला नव्हता, त्यामुळे कुठलाही आकडा धरणं म्हणजे मनाचे मांडे.

डिकी, बॅटरी आणि आबा

पैशाचं जवळजवळ ठरलं आणि व्हीलचेअर आडवी आली. सासूबाईंना लांब चालवत नाही, घडीची व्हीलचेअर बरोबर असते. हायब्रिडची बॅटरी मागे डिकीच्या खाली बसते, त्यामुळे डिकीचा तळ वर येतो. साध्या गाडीची डिकी ३७३ लिटरची, हायब्रिडची २६५. पत्रकात हा आकडा शोधावा लागतो. ताई दुसऱ्या दिवशी व्हीलचेअर घेऊनच शोरूमला गेली. खुर्ची बसली, पण तिच्याबरोबर एक मध्यम बॅग, बस्स. कराडहून परतताना तांदळाचं पोतं, गुळाच्या ढेपा आणि आबांनी जबरदस्तीने दिलेली भाजी, यांचं काय? मागची सीट अर्धी पाडता येते, पण मग भाचा कुठे बसणार? शेवटी ठरलं की भाचा हल्ली गावाला येतोच कुठे. प्रश्न सुटला असं नाही, पण पुढे सरकला.

गाडी घेणाऱ्यांनी हे करून पाहावं. रोजचं सामान प्रत्यक्ष डिकीत घालून बघितल्याशिवाय लिटरच्या आकड्यांना अर्थ नसतो.

आबांची हरकत बॅटरीवर होती. "मोबाईलची दोन वर्षांत जाती, हिची किती टिकणार?" टोयोटा या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते. दाजींच्या वापराला आठ वर्षं आधी पूर्ण होतात. बॅटरी मोबाईलसारखी पूर्ण रिकामी-पूर्ण भरलेली होत नाही, मधल्या पट्ट्यातच ठेवली जाते, म्हणून टिकते. जगभर टॅक्सी म्हणून पळणाऱ्या प्रियस गाड्यांनी हे बऱ्यापैकी सिद्ध केलेलं आहे. तरी नवव्या वर्षी बॅटरी गेली तर तो खर्च आपलाच, ही जोखीम हिशोबात लिहून ठेवली. वसुली पाच वर्षांत होत असेल तर ती पेलते. चौदा वर्षांच्या हिशोबात ती पेलली नसती.

देखभालीत थोडं इकडे, थोडं तिकडे. हायब्रिडला क्लच नाही, गिअरबॉक्समध्ये बदलणारे गिअर नाहीत, ब्रेकपॅड कमी झिजतात कारण बराचसा वेग मोटरच रोखते. उलट बाजूला, नारिंगी वायरींना, म्हणजे उच्च दाबाच्या लाइनला, गावातल्या मेकॅनिकने हात लावायचा नाही. आणि साधी १२ व्होल्टची बॅटरीही असतेच. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहून ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. परदेशी जाणाऱ्यांनी शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जावं.

इलेक्ट्रिकचा विचार पाच मिनिटांत संपला. सोसायटीत दाजींचं पार्किंग पोडियमखाली, आणि तिथे पॉइंट द्यायला कमिटी तयार नव्हती. सीएनजीचा त्याहून लवकर: व्हीलचेअर आणि सिलिंडर एका डिकीत राहत नाहीत.

सरकारकडून तेव्हा हायब्रिडला फारसं काही मिळत नव्हतं. जीएसटी आणि सेस मिळून या हायब्रिडला ४३ टक्के, तिच्याच पेट्रोल भावंडाला ४५. इलेक्ट्रिकला मात्र ५. महाराष्ट्राच्या रोड टॅक्समध्ये हायब्रिडला सूट नव्हती. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला, तेव्हा दाजींनी ती बातमी मला पाठवली, खाली नुसता हात जोडलेला इमोजी.

काय घेतलं आणि पुढे काय झालं

हायरायडर एस हायब्रिड बुक केली. वेटिंग काही महिन्यांचं होतं, आणि किंमत बुकिंगच्या नव्हे, डिलिव्हरीच्या दिवसाची लागते. म्हणून पन्नास हजारांची वाढ धरून हिशोब पुन्हा केला: वसुली साडेसहा वर्षांपर्यंत जाते. ताई म्हणाली, "सातच्या आत असेल तर घ्या." तिने तो आकडा कुठून आणला ते विचारलं नाही, कर्जाची मुदत बँकवाल्यांच्या रक्तात असते.

पुढच्या काळात दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिशेने बदलल्या. ऑफिसचे दिवस तीनाचे चार आणि मग पाच झाले, बचत वाढली. दुसरीकडे हिंजवडीच्या वाटेवरचा चांदणी चौक. बुकिंगच्या सुमारास, २ ऑक्टोबर २०२२ला, तिथला जुना पूल स्फोटाने पाडला होता आणि पुढचे दहा महिने त्या चौकाने हायब्रिडचा सगळ्यात भक्कम प्रचार केला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल सुरू झाले आणि तेवढ्या टप्प्यापुरती साध्या पेट्रोल गाडीचीही परिस्थिती सुधारली. रस्ते जितके चांगले होतील तितकी हायब्रिडची कमाई घटेल, हे तिचं एक विचित्र गणित आहे. हिंजवडीने मात्र या बाबतीत निराश केलं नाही.

शहरातलं मायलेज धरलं होतं त्याहून थोडं चांगलं आलं, हायवेवर दाजी ११० ने पळवतात तेव्हा थोडं वाईट. सगळ्यात वाईट आकडा ताईचा. पावसात ती तीन किलोमीटरवरच्या शाखेत गाडी नेते आणि मीटरवर पंधराच्या आसपास दिसतं. हायब्रिडचं इंजिन थंड असताना आधी गरम होण्यासाठी चालतं. ते गरम होईपर्यंत शाखा येते. जिचा प्रवास सगळाच असा तुकड्यातुकड्यांचा आहे तिला हायब्रिडचा पूर्ण फायदा कधीच दिसणार नाही.

पेट्रोलचा भाव मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरला, पण पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतं, हायब्रिडचं आणि साध्याचंही. आबा ऊस लावतात आणि कारखान्याला घालतात. दाजी त्यांना म्हणाले, "आबा, तुमच्या उसाने माझं ॲव्हरेज खाल्लं." आबांचं उत्तर: "मग उसाचं बिल आल्यावर पेट्रोल माझ्याकडून घे की."

आज हाच निर्णय घ्यायचा तर आकडे नव्याने मांडावे लागतील. एप्रिल २०२५ मध्ये ग्रँड विटारातही खालच्या पायरीची हायब्रिड आली, डेल्टा प्लस, १६.९९ लाखांना. २०२२ मध्ये ती असती तर आबांची मारुती घरात आली असती, अशी शक्यता बरीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. चार मीटरच्या वरच्या पेट्रोल आणि हायब्रिड गाड्यांना आता सारखाच ४० टक्के, म्हणजे हायब्रिडला होती ती दोन टक्क्यांची सवलतही गेली. पण त्याहून मोठा फरक खाली पडला आहे. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. आपल्याकडच्या स्ट्राँग हायब्रिड सगळ्या मोठ्या गाड्या. ज्याचं काम छोट्या गाडीत भागतं त्याने हायब्रिडची तुलना तिच्या मोठ्या पेट्रोल भावंडाशी न करता या १८ टक्केवाल्या गाडीशी करावी, आणि तिथे हायब्रिडला वसुली दाखवणं फार अवघड आहे.

दाजींची गाडी पाहून गावातल्या एका चुलत्यांनीही विचारलं होतं. त्यांचा द्राक्षांच्या औषधांचा व्यवसाय. कराड, तासगाव, पंढरपूर अशी महिन्याला दीड हजार किलोमीटरची फिरती, जवळजवळ सगळी मोकळ्या रस्त्याची. गुडघे शाबूत, गिअरची गाडी चालते. "इतकं फिरतो म्हटल्यावर मला तर लागायलाच पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. वर्षाचे १८ हजार किलोमीटर, मॅन्युअलला हायवेवर साडेअठरा धरलं तर ९७३ लिटर, हायब्रिडला ९००. वाचले ७३ लिटर, म्हणजे साडेसात-पावणेआठ हजार रुपये. २०२२च्या किमतींनी एस मॅन्युअल आणि एस हायब्रिडमधला फरक २.८३ लाख, टॅक्स वेगळा. त्यांनी मॅन्युअल पेट्रोल घेतली आणि उरलेल्या पैशांतून फवारणीचा नवा ब्लोअर.